‘डीफोर्क’ म्हणजे कविता: एका वाचनालयाच्या वेबसाइटच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

काम हातात आलं. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातलं, शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय. सध्याची वेबसाइट नऊ वर्षांपूर्वीची, आणि ती ज्यांनी बनवली त्यांचा आता फोन लागत नाही. पुस्तकांची यादी घरबसल्या शोधता यावी, वर्गणी ऑनलाइन भरता यावी, व्याख्यानमालेचं वेळापत्रक आणि जुनी रेकॉर्डिंग एका जागी असावीत, आणि दिवाळी अंक योजनेची नोंदणी यंदा तरी रांगेशिवाय व्हावी, अशी त्यांची मागणी. मुदत १५ ऑक्टोबर. त्या दिवशी वाचन प्रेरणा दिन, कार्यक्रम तेव्हाच ठेवायचाय. त्याच तारखेला जगभर अंधांच्या पांढऱ्या काठीचा दिवस पाळतात, हे मी कार्यवाह सरांना सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. वहीत टिपून घेतलं.

करारात एक ओळ मी माझ्याकडून घातली: वेबसाइट डब्ल्यूसीएजी २.२ च्या ‘डबल ए’ पातळीला उतरेल. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसी ही संस्था जे निकष ठरवते, त्यांची ही ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती. सरांनी विचारलं, याने खर्च वाढेल का? म्हटलं, पहिल्या दिवसापासून धरून चाललो तर फारसा नाही. सगळं झाल्यावर करायला बसलो तर अर्धं काम उसवावं लागेल.

१९ जून, गुरुवार

नवं काही करण्याआधी जुनी वेबसाइट कोण कशी वापरतं ते बघायचं ठरवलं. ग्रंथपाल मॅडमनी एका सभासदांचं घर दाखवलं. काका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. लहानपणी देवी आल्या आणि दृष्टी गेली. वाचनालयाचे सभासद १९८१ पासून.

काकांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध मित्रांनी २००६ मध्ये सुरू केलेला. तो सुरू होताच आवाज इतका भरभर सुटला की मला एक शब्द कळेना. काकांनी माझ्यासाठी वेग कमी केला. मग ऐकू आलं: ‘लिंक ग्राफिक, आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार सात. लिंक ग्राफिक, बॅनर न्यू फायनल टू.’ असं एकामागून एक चौदा वेळा. चित्रांना पर्यायी मजकूर दिलेला नाही, म्हणून बिचारा स्क्रीन रीडर फाइलींची नावं वाचतोय.

काकांनी एच दाबला. एच म्हणजे पुढच्या शीर्षकावर उडी. पुढे शीर्षक नाही, असं उत्तर आलं. मला तर पानावर सात ठळक शीर्षकं दिसत होती. जवळून तपासलं तेव्हा कळलं, ती नुसती मोठी आणि जाड केलेली अक्षरं होती, शीर्षक म्हणून नोंदलेलं त्यांतलं एकही नाही. ज्याला दिसतं तो पानावरून नजर फिरवतो आणि हवं तिथे थांबतो. काकांची नजर म्हणजे तो एच, आणि त्याला कुठे थांबायचं हेच कोणी सांगितलेलं नव्हतं.

कसेबसे सभासद नोंदणीपर्यंत पोहोचलो. ‘वरील चित्रातील अक्षरे भरा.’ कॅप्चा. काकांनी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. “दर वर्षी इथवर येतो मी,” ते म्हणाले, “मग मॅडमना फोन करतो.”

निघताना त्यांनी मलाच विचारलं, “मॅडम, तुम्ही यादी शोधायची सोय कराल, पण सापडलेलं पुस्तक मी वाचू कसं?” आजवर काकू वाचून दाखवायच्या. आता त्यांना मोतीबिंदू आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

२३ जून, सोमवार

काका फोनवर म्हणाले होते की पुस्तकांची यादी ‘काहीतरी भलतंच’ बोलते. आज स्वतः एनव्हीडीए लावून ऐकलं. ‘कविता’ या विभागावर तो म्हणाला, “डीफोर्क.”

पडद्यावर स्वच्छ ‘कविता’ दिसतंय. पण यादी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे. त्या फॉन्टात मराठी अक्षर हे फक्त रूप असतं, आत साठवलेलं असतं ते रोमन अक्षर. क साठी डी, पहिल्या वेलांटीसाठी एफ, व साठी ओ, त साठी आर, काना म्हणजे के. डी, एफ, ओ, आर, के. फॉन्टचा मुखवटा काढला की उरतं ते एवढंच, आणि स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही. ‘पुस्तक’ हा शब्द आतून आहे आय, क्यू, एल, आर, डी.

दुपारभर हेच डोक्यात. एका वाचनालयाच्या वेबसाइटवर ‘पुस्तक’ हा शब्द मराठीत लिहिलेलाच नाही. डोळस माणसालाही तो शोधता येत नाही, गूगलला सापडत नाही, दुसरीकडे चिकटवला तर कचरा होतो. आपण सगळ्यांनी इतकी वर्षं हे चालवून घेतलं, कारण दिसायला ठीक होतं.

एकूण ४१,३०० नोंदी. सगळ्या युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरं मराठी अक्षरच साठवणाऱ्या पद्धतीत, आणायच्या. अंदाजात मी हे काम धरलंच नव्हतं. जुलै यातच जाणार.

१ जुलै, मंगळवार

रूपांतराची पहिली फेरी काल रात्री चालवली. आज सकाळी यादी उघडली तर ‘स्थिती’चं ‘सि्थती’ आणि ‘धर्म’चं ‘धमर्’ झालेलं.

कारण सरळ आहे. जुन्या फॉन्टात टंकलेखक जसं दिसतं तसं टाइप करतो. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून नंतर. युनिकोड मात्र उच्चाराचा क्रम मानतो. तिथे वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा पाय मोडका र व्यंजनाच्या आधी. म्हणजे वेलांटीला उडी मारायला लावायची, तीही एका अक्षरावरून नाही, ‘स्थ’सारखं जोडाक्षर असेल तर ते अख्खं ओलांडून. रफाराला उलट दिशेने मागे आणायचं, आणि मध्ये काना-मात्रा असेल तर त्याच्याही मागे.

डोळस वाचक ‘धमर्’ बघून मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे जातो. काकांना ते जसंच्या तसं ऐकावं लागतं. म्हणून या फेऱ्यांत कंटाळा करून चालणार नाही.

९ जुलै, बुधवार

आषाढीच्या गर्दीत दोन दिवस गेले. आता यादी बरीच साफ आहे. राहिलाय तो आपला खास मराठी र.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. इंग्रजी पुस्तकं वाचून बनवलेल्या कुठल्याही रूपांतरकाला हा फरक कळत नाही. जुन्या यादीत टाइप करणाऱ्यांनी तो र ज्याला जसा जमला तसा काढलाय. शिवाय युनिकोडमध्येही तो दोन पद्धतींनी लिहिला जातो: एक, खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, दुसरी, साध्या र चा पाय मोडून मागे एक न दिसणारा जोडक ठेवून. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. यादीत पहिला असेल आणि वाचकाच्या मोबाइलने दुसरा पाठवला तर ‘पुस्तक सापडले नाही’. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणायची सोय केली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही शोधात माफ केल्या. ज्याला ऐकूनच शब्द माहीत आहे, त्याने ‘सुर्य’ टाइप केलं म्हणून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं कारण नाही.

पानाची भाषाही आज सुधारली. अख्खी वेबसाइट ‘इंग्रजी’ म्हणून नोंदलेली होती. एका ओळीचं काम आहे, ‘लँग’च्या पुढे इंग्रजीचा संकेत काढून मराठीचा टाकायचा. पण त्या एका ओळीवर स्क्रीन रीडर कुठला आवाज लावायचा ते ठरवतो. इंग्रजी आवाजाच्या तोंडी मराठी दिली की तो काही शब्द गिळतो, काही मोडतो.

संध्याकाळी काकांना फोनवर शोध लावून दिला. ते ‘कविता’ विभागात शिरले आणि एनव्हीडीए म्हणाला, “कविता.” काका पलीकडून काही बोलले नाहीत. मग खाली बाण दाबत दाबत शीर्षकं ऐकत राहिले. मी फोन चालू ठेवला आणि वीस मिनिटं तशीच ऐकत बसले.

१८ जुलै, शुक्रवार

कार्यकारिणीची बैठक. खजिनदारांचा प्रश्न अपेक्षित होता: “आपल्याकडे अंध सभासद आहेत तरी किती?” ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं, माहितीतले दोन. मग दोघांसाठी एवढं सगळं कशाला, असं कोणी बोललं नाही, पण खोलीत ते होतं.

मॅडम आणि मी याची तयारी करून गेलो होतो. गेल्या आठवड्यात आम्ही रजिस्टर काढून, तीन वर्षांत वर्गणी बंद केलेल्या साठीपुढच्या सभासदांना फोन केले. बत्तीस लोकांशी बोलणं झालं. अकरा जण म्हणाले, आता अक्षर लागत नाही किंवा मोबाइलवर फॉर्म भरता येत नाही. चौघांचे हात कापतात. दोघांना जिना चढवत नाही आणि घरून काही करता येतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. यातल्या कोणीही स्वतःला अपंग म्हणवून घेतलं नाही. एक आजी म्हणाल्या, “वय झालं बाई, माझंच चुकतं.” हे वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. चूक त्यांची नाही. चूक आम्ही बनवणाऱ्यांची आहे, आणि ती दुरुस्त करता येते.

मग कायद्याचं विचारणं झालं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सेवा देणाऱ्यांना, सरकारी असोत वा खासगी, सुगम्यतेचे, म्हणजे सगळ्यांना वापरता येण्याचे, नियम पाळायला सांगतो. यंदा ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात निकाल दिला, त्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. खटला कशावरून उभा राहिला तेही सांगितलं: ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना बँकेच्या केवायसीसाठी ‘कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटा’ असं सांगितलं जात होतं. पापणी मिटता येत नाही म्हणून खातं नाही. बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

एका सदस्यांनी एका विक्रेत्याचं पत्रक आणलं होतं. वर्षाला अमुक भरा, कोपऱ्यात एक निळं चिन्ह बसेल, वेबसाइट आपोआप सुगम्य होईल. मी स्पष्ट नको म्हटलं. असलं चिन्ह फोटोला अर्थपूर्ण वर्णन देऊ शकत नाही, ‘डीफोर्क’ची कविता करू शकत नाही, आणि काकांसारख्यांच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या आड येतं ते वेगळंच. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने याच जानेवारीत अशा एका कंपनीवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई करून दहा लाख डॉलर भरायला लावले. पत्रक बाजूला पडलं.

ठराव मंजूर. यादीच्या रूपांतरासाठी जादा रक्कमही.

२४ जुलै, गुरुवार

पळती सूचना काढली. जिला थांबवता येत नाही ती सूचना हळू वाचणाऱ्यासाठी सूचनाच नाही. तीन ओळी, स्थिर, तारखेसह.

५ ऑगस्ट, मंगळवार

रंग. वाचनालयाची ओळख म्हणजे केशरी पट्टी, त्यावर पांढरी अक्षरं. मोजलं तर अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर २.१ ला एक. निकष ४.५ ला एक सांगतो. सरांना केशरी सोडायचा नव्हता आणि सोडायची गरजही नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली की गुणोत्तर साडेनऊच्या पुढे जातं. सरांना दोन्ही नमुने मोबाइलवर पाठवले आणि अंगणात, दुपारच्या उन्हात बघा म्हटलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: “काळीच ठेवा. पांढरी मलाही दिसली नाहीत.”

वेबएम ही अमेरिकेतली संस्था दर वर्षी दहा लाख वेबसाइटींची मुखपृष्ठं तपासते. यंदाच्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडतील अशा चुका निघाल्या आणि सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, अक्षर आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक नसण्याची.

यादीत पुस्तक आहे की नाही हे हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवलेलं होतं. वाचनालयात मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलाला ते दोन्ही सारखेच दिसतात. आजवर तो बोलला नाही, क्लिक करून बघायचा. आता ठिपक्याशेजारी शब्द आहे: ‘उपलब्ध’, ‘वाचकाकडे’.

अक्षर मोठं करून बघितलं तेव्हा एक गोष्ट फक्त देवनागरीत होईल अशी सापडली. बटणाची उंची ठरावीक दिलेली, त्यामुळे दोनशे टक्क्यांवर शिरोरेषेच्या वरचं सगळं कापलं गेलं. ‘नोंदणी’ बटणावर उरलं ‘नादणा’. रोमन लिपीत वरून थोडं कापलं तरी शब्द ओळखू येतो. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार सगळं छपरावर राहतं, उकार तळघरात. उंची मोकळी सोडली आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट केलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दिवाळी अंक योजनेचा फॉर्म. आज एक काकू तपासायला आल्या, त्यांना कंपवात आहे. त्या उजव्या हाताने मोबाइल धरतात आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबतात.

‘योजना अ’ आणि ‘योजना ब’ यांच्यापुढचे गोल इतके छोटे की अंगठा दोन्हींवर पडत होता. तिसऱ्यांदा चुकीचा गोल भरला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मोबाइलकडेच बघत राहिल्या. निकष सांगतो दाबायची जागा किमान २४ पिक्सेलची हवी. मी ४८ ठेवली आणि अख्खी ओळ दाबता येईल अशी केली. ‘पाठवा’वर अंगठा थरथरून दोनदा पडला आणि दोन नोंदी झाल्या. पैसे दोनदा गेले असते. पहिल्या दाबानंतर बटण थांबेल अशी व्यवस्था केली.

मग ओटीपी. साठ सेकंद. काकू मेसेज उघडेपर्यंत वेळ संपली आणि फॉर्म कोरा झाला. नाव, पत्ता, सभासद क्रमांक, सगळं परत. हे बघवेना. वेळ दहा मिनिटं केली, भरलेलं काही पुसलं जाणार नाही, आणि ओटीपी चिकटवायची मुभा दिली. आधीच्या बनवणाऱ्यांनी ती ‘सुरक्षिततेसाठी’ बंद ठेवली होती. कॅप्चा पूर्ण काढला. आपोआप फॉर्म भरणारे बॉट अडवायला माणसाला न दिसणारी, न ऐकू येणारी एक रिकामी चौकट ठेवलीये. ती भरली की समजायचं, समोर माणूस नाही.

चौकटींच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेल्या सूचना काढून बाहेर वर कायमची लेबलं लावली. टाइप करायला लागलं की ती आतली सूचना नाहीशी होते, आणि मग आपण काय भरत होतो हेच आठवत नाही. हे काकूंच्या बाबतीतच नव्हे, माझ्याही बाबतीत होतं.

२० ऑगस्ट, बुधवार

माझी चूक नोंदवते. विभाग निवडायची यादी छान दिसावी म्हणून मी स्वतः घडवली होती, साध्या चौकटींना ‘एआरआयए’ची, म्हणजे ‘हे काय आहे’ ते स्क्रीन रीडरला सांगणारी लेबलं लावून. माझ्या तपासणीच्या साधनात शून्य चुका. काकांना मात्र यादी उघडली एवढंच कळायचं, बाणाने खाली गेलं की शांतता. निवडलेलं काय, ते कळायलाच मार्ग नाही.

दिवसभर जोडत बसले. शेवटी ती काढून ब्राउझरची साधी निवडयादी टाकली. पंधरा मिनिटांचं काम. ती दिसायला साधी आहे, पण तिला की-बोर्ड येतो, एनव्हीडीए येतो, मोबाइलवरचा स्क्रीन रीडर टॉकबॅक येतो. यंत्राच्या तपासणीत चुका न निघणं आणि माणसाला वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं, तरीही मी काकांना न विचारता पुढे गेले होते.

टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत ते दाखवणारी कडही पुसली गेली होती, मी नव्हे, आमच्या आयत्या घेतलेल्या साच्याने. परत आणली, जाड आणि गडद निळी.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीनंतर कामाला सुरुवात. व्याख्यानमालेची रेकॉर्डिंग.

वाचनालयाजवळ राहणारी एक मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही. व्याख्यानाला यायची, पहिल्या रांगेत बसायची. दोन वर्षांपासून येत नाही. मी मोबाइलवर लिहून विचारलं, तिनेही लिहून उत्तर दिलं: “सगळे हसले की मी पण हसायचे. का ते माहीत नसायचं.”

यंत्राकडून मजकूर काढून घेतला, पण ‘अभंग’चं ‘अभ्यंग’ होतं आणि ओव्यांचा तर पार चेंदामेंदा. कॉलेजच्या चार मुलांनी हाताने दुरुस्त करायला घेतलंय. एका तासाच्या व्याख्यानाला पाच-सहा तास लागतात. मुलीने पहिलं तपासून तीन सूचना दिल्या: बोलणारा बदलला की नाव हवं, हशा, टाळ्या, माइक बंद पडला तर तेही लिहा, आणि एका वेळी दोनच ओळी. शिवाय तिने एक गोष्ट लिहिली जी माझ्या ध्यानात आली नव्हती. तिची पहिली भाषा खुणांची. लिहिलेली मराठी तिने नंतर, शाळेत शिकली. लांबलचक वाक्यं तिला परकी वाटतात. म्हणून नियम आणि फॉर्मवरच्या सूचना आम्ही पुन्हा लिहिल्या. ‘सदर अर्जासोबत विहित शुल्क अदा करणे अनिवार्य राहील’ याचं झालं ‘अर्जासोबत वर्गणी भरा.’ बदल तिच्यासाठी केला, आणि सगळ्यात आधी आभार मानले काउंटरवरच्या शिपाईमामांनी.

बावीस व्याख्यानांपैकी १५ ऑक्टोबरपर्यंत सहा होतील. उरलेल्यांपुढे ‘मजकूर तयार होत आहे’ असं न लिहिता महिना लिहायला सांगितलाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सूचनांच्या पीडीएफवरून सरांशी बराच वेळ बोलणं. सूचना टाइप होते, छापली जाते, त्यावर सही-शिक्का होतो, मग ती स्कॅन होऊन वेबसाइटवर चढते. म्हणजे मजकूर होता, त्याचा आपण कष्ट घेऊन फोटो केला. सर म्हणाले, सही-शिक्क्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यांचं म्हणणं खरं आहे. मधला मार्ग काढला: पूर्ण मजकूर पानावरच, खाली शिक्क्याची प्रत जोडलेली. मॅडमना करून दाखवलं. दुसरी सूचना त्यांनी एकट्यांनी चढवली, शीर्षकाला शीर्षक म्हणून नोंदवून.

फोटोंची वर्णनंही त्याच लिहितात आता. काल एका फोटोला त्यांनी ‘कार्यक्रमाचा फोटो’ असं लिहिलं होतं. आज स्वतःच बदललं: ‘वाचनालयाच्या पायरीवर बसून दिवाळी अंक चाळणाऱ्या तीन मुली’.

६ ऑक्टोबर, सोमवार

जूनमधल्या पहिल्या पानावरचा प्रश्न. सापडलेलं पुस्तक काका वाचणार कसं?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये सुधारणा झाली, तेव्हापासून छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत नफा न घेता करायला आपल्याकडे मोकळीक आहे. अशीच मोकळीक देशोदेशी मिळावी म्हणून झालेल्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश, जून २०१४ मध्ये. सुगम्य पुस्तकालय हे अशा प्रतींचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. हे सगळं आहे, आणि आमच्या यादीत त्याचा मागमूस नव्हता. आता नोंदीत एक रकाना वाढवलाय: ‘छापील’, ‘मोठ्या अक्षरात’, ‘ब्रेल’, ‘ऐकता येईल’. काकांनी सुगम्य पुस्तकालयात नाव नोंदवलं. तिथे असलेली मराठी पुस्तकं आमच्या यादीशी जुळवायचं काम मॅडमनी घेतलंय. आज रात्रीपर्यंत १४० नोंदींपुढे ‘ऐकता येईल’ लागलं. ४१,३०० पैकी १४०. आकडा लहान आहे, तो मला टोचतोय, म्हणून इथे लिहून ठेवते.

कोजागिरीचं दूध पाठवलं होतं मॅडमनी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी बटण दाबायचं असं ठरलेलं होतं. ऐन वेळी सरांनी काकांना पुढे बोलावलं. काकांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, आवाजाचा वेग नेहमीचा ठेवला, सभागृहाला काही कळेना इतका. एच दाबत दिवाळी अंक योजनेवर गेले, फॉर्म भरला, ओटीपी चिकटवला, पाठवला. चार मिनिटं लागली असतील. लाउडस्पीकरवर शेवटचं वाक्य तेवढं सावकाश ऐकू यावं म्हणून त्यांनी वेग कमी केला: “आपली नोंदणी झाली आहे.”

ती मुलगी पहिल्या रांगेत होती. भाषणांचा मजकूर बाजूच्या पडद्यावर कॉलेजचा मुलगा टाइप करत होता. मधे एकदा हशा झाला. मी तिच्याकडे बघितलं. ती एका क्षणाने उशिरा हसली, वाचून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवसांत २१८ नोंदण्या. काउंटरवर येऊन केलेल्या ६०, त्याही चालू राहणार आहेत, खिडकी बंद करायची नाही असं बैठकीत ठरलंय.

बत्तीसपैकी सात जणांनी वर्गणी पुन्हा सुरू केली. ‘माझंच चुकतं’ म्हणणाऱ्या आजींचा फॉर्म नातवाने भरला असेल असं वाटलं होतं. मॅडमनी विचारलं, तर त्यांनी स्वतः भरला होता, अक्षर मोठं करून.

सकाळी काकांची ईमेल. “पोरी, पुस्तक परत करायची तारीख निवडताना महिन्याचं नाव ऐकू येत नाही, नुसते आकडे येतात. १ ते ३१ परत परत. बघ.” बघितलं. खरंच येत नाही, माझ्याकडून लेबल राहिलंय. दुरुस्ती सुरू केली आहे. आज झाली नाही तर भाऊबीजेनंतर पहिलं काम हेच.